बैठकीची वेळ ठरविणारा नवा मुनीम

कपड्याच्या धंद्यात निम्मा दिवस माल पाहण्यात जातो आणि निम्मा माणसांची वाट पाहण्यात. सूत दलाल "दहा मिनिटांत पोहोचतो" म्हणतो आणि असरनंतर उगवतो. यंत्रमागधारक वेळेवर येतो तेव्हा पालीच्या व्यापाऱ्याचा फोन लागत नाही, आणि फोन लागतो तेव्हा यंत्रमागधारक कंटाळून कारखान्यावर परत गेलेला असतो. आमच्या वालिद साहेबांच्या काळी पेढीवर एक मुनीमजी होते. कोणाला कोणत्या वेळी बोलवावे, कोणाला कोणाशेजारी बसवू नये, कोणाकडे बाकीचा विषय आधी काढावा आणि कोणाकडे चहा झाल्यावर, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. असा मुनीम आज पगार देऊनही मिळत नाही. म्हणून २०२४ पासून बैठकीच्या आखणीचे काम आम्ही मोबाईलमधील एआय सहायकाकडून करून घेतो. त्यात फायदा झाला, एकदा चांगली फजितीही झाली. दोन्हींचा हिशोब व्यापारी व कारागीर बंधूंपुढे मांडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम हे यंत्र आहे तरी काय? ओपन एआय या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले केले आणि तेव्हापासून हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. गूगलचा जेमिनी आहे, मायक्रोसॉफ्टचा कोपायलट आहे, आणि जून २०२४ मध्ये भारतात व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआय आले. नावे निरनिराळी, पण जात एकच. अफाट लिखित मजकूर वाचवून या यंत्राला, एका शब्दामागून कोणता शब्द येतो, याचा सराव दिलेला असतो. त्यामुळे ते माणसासारखे लिहिते, बोलते, विषयांचा क्रम लावते, निरोपाचा मसुदा करते. मात्र ते जे सांगते ते सर्व कोठेतरी पाहून सांगते असे नव्हे. पुष्कळ वेळा तो अंदाज असतो, आणि अंदाज सांगतानाही त्याचा आवाज तेवढाच ठाम असतो. दलालांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

येथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. काही सहायक नुसते बोलणारे असतात. तुम्ही विचारा, ते आखणी लिहून देतील. वेळ डायरीत टिपणे, निरोप धाडणे हे तुमचे काम. काही सहायक मात्र डायरीला जोडता येतात. जेमिनीला परवानगी दिली तर तो गूगलच्या कॅलेंडरमध्ये स्वतः नोंद करतो, कोपायलट मायक्रोसॉफ्टच्या कॅलेंडरशी असेच काम करतो. सुरुवातीला आम्हाला हा फरक माहीत नव्हता. एका नुसत्या बोलणाऱ्या सहायकाला आम्ही सांगितले की सीए साहेबांना मंगळवारी चार वाजता येण्याचा निरोप दे. त्याने उत्तर दिले की निरोप दिला आहे. मंगळवारी आम्ही वह्या काढून बसलो. सीए साहेब आले नाहीत, कारण निरोप गेलाच नव्हता! यंत्राजवळ निरोप पाठविण्याचे साधनच नव्हते, त्याने फक्त शोभेल असे उत्तर दिले होते. तेव्हापासून यंत्राने "केले" म्हटले की आम्ही डायरी उघडून पाहतो.

आता फजितीची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये आम्हाला पाच यंत्रमागधारकांना एकत्र बसवायचे होते. कोऱ्या कापडाची एक मोठी मागणी पालीहून आली होती, माल रमजानपूर्वी निम्मा द्यायचा होता, आणि सुताचा भाव दलालाने फक्त दोन दिवसांपुरता बांधून दिला होता. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, घरात व पेढीवर बोलणेही उर्दूच. आम्ही मोबाईलपुढे बोललो, "जुमे की रात, इशा के बाद, सबको बुलाना है." आमच्या बुजुर्गांच्या बोलीत जुमे की रात म्हणजे गुरुवारची रात्र. चंद्राच्या हिशोबात दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून जुम्याची रात्र ही जुम्याच्या आधी येते. गुरुवारला आपण जुमेरात म्हणतो ते याचमुळे. यंत्राने सरळ अर्थ घेतला आणि सुंदर मराठीत व सुंदर उर्दूत निरोप तयार केले: शुक्रवार, २४ जानेवारी, रात्री ९.

निरोप आम्ही वाचला, पण वरवर. भाषा इतकी सफाईदार होती की तारखेकडे लक्षच गेले नाही. दोघांना तो व्हॉट्सॲपवर गेला. उरलेले तिघे वयस्क, त्यांना आमच्या मुलाने तोंडी सांगितले, "जुमे की रात." गुरुवारी, २३ तारखेला, तिघे आले आणि दीड तास बसले. इतर दोघांना फोन केला तर एक नाशिकला लग्नात होता, दुसरा म्हणाला, "चाचा, आपने तो कल लिखा है." सुताचा बांधलेला भाव शुक्रवारी संध्याकाळी संपला. शनिवारी नवा भाव घ्यावा लागला आणि तो वरचा होता. त्याहून वाईट असे की तिघांपैकी एकाने, ज्यांच्याशी आमचे वीस वर्षांचे संबंध आहेत, सोमवारपासून आपले माग दुसऱ्या व्यापाऱ्याला लावले. भांडण केले नाही. एवढेच म्हणाले, "हमको बैठाके रखा." हा दोष यंत्राचा म्हणावा की आमचा? दलालाचा निरोप आम्ही दोनदा वाचतो, आणि स्वतःच्या नावाने जाणारा निरोप एकदाही नीट वाचला नाही, तर दोष आमचाच होता.

शब्दांची अशी आणखी काही भुयारे आहेत. उर्दू-हिंदीतील "कल" हा उद्याही आहे आणि कालही. "परसों"चे तेच. "कल की बैठक का काग़ज़ बना दो" म्हटले की यंत्र होऊन गेलेल्या बैठकीचा अहवाल लिहील की होणाऱ्या बैठकीचे विषय, याचा भरवसा नाही. "असरनंतर", "मगरिबच्या आधी" या आपल्या वेळाही ऋतूप्रमाणे सरकतात. मालेगावात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. म्हणून आता आमचा नियम असा की यंत्राशी बोलताना वार, तारीख आणि घड्याळाची वेळ तिन्ही बोलायची, आणि निरोपातही तिन्ही छापायची. वार आणि तारीख जुळत नसेल तर घेणारा लगेच फोन करून विचारतो.

दुसरी गोष्ट अशी की यंत्राला आपला आठवडा माहीत नसतो. त्याच्या समजुतीत काम सोमवार ते शुक्रवार, नऊ ते सहा. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. आमच्याकडे मजुरी गुरुवारी वाटली जाते, त्यामुळे गुरुवारी दुपारनंतर कोणत्याही मागधारकाला बोलावणे म्हणजे त्याच्या कामगारांना ताटकळत ठेवणे. जीएसटीची विवरणपत्रे दरमहा भरणाऱ्यांसाठी ११ आणि २० या तारखा असतात, त्या दोन दिवस सीए साहेब कोणाचे नसतात. हे सारे आम्ही एकदा बसून लिहून काढले: शुक्रवारी दुपारी बारा ते तीन काही ठेवू नको, नमाजच्या वेळेच्या आधी व नंतर पाव तास मोकळा सोड, गुरुवारी दोननंतर मागधारक नको, १० ते २० तारखेत सीए नको, पाहुणा बाहेरगावचा असेल तर गाडीच्या वेळेनंतर एक तास धर. हा मजकूर मोबाईलमध्ये जपून ठेवला आहे आणि प्रत्येक आखणीपूर्वी तोच आधी देतो. काही सहायकांत अशा कायमच्या सूचना एकदाच भरून ठेवण्याची सोय आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती अवश्य वापरावी. हे पान लिहिण्यास आम्हाला एक संध्याकाळ लागली, आणि आपल्या धंद्यात किती वेळा ठरलेल्या आहेत हे आम्हालाही त्याच संध्याकाळी प्रथम कळले.

फजितीनंतरची बैठक आम्ही रविवार, २ फेब्रुवारी २०२५ ला घेतली, आणि तिच्या आखणीत या यंत्राचे खरे मोल दिसले. आम्ही सहा विषय सांगितले: सुताचे वाटप, कापडाची रुंदी व वजन, ताके कधी उचलायचे, मजुरीचा दर, जुनी बाकी, ईदपूर्वीचा हिशोब. आणि विचारले, कोणता विषय किती वेळ घेईल व कोणत्या विषयाला कोण हजर पाहिजे? हा दुसरा प्रश्न आम्ही आयुष्यात कधी स्वतःला विचारला नव्हता. आमच्याकडे बैठक म्हणजे सर्वांनी सर्व वेळ बसणे. यंत्राने मांडून दाखविले की रुंदी-वजनाच्या विषयापुरता पालीचा माणूस फोनवर असला तरी चालेल, सीए साहेब फक्त शेवटच्या विषयाला लागतील, आणि ताके उचलण्याच्या तारखा बैठकीत ठरविण्याऐवजी आधीच प्रत्येकाकडून मागवून घेता येतील. मागधारक दोन तास पेढीवर बसला की त्याच्या कारखान्यात तुटलेला ताणा तसाच पडून राहतो आणि माग थांबतो. त्या दिवशी बैठक सव्वा तासात उठली.

क्रम मात्र आम्ही बदलला. यंत्राने मजुरीचा दर सर्वांत आधी ठेवला होता, का तर "महत्त्वाचा विषय प्रथम". कागदावर हे बरोबर दिसते. परंतु ज्याची जुनी बाकी आपल्याकडे अडकली आहे त्याच्याशी नवा दर बोलायला बसणे हे आपल्या बाजारात बेअदबीचे लक्षण आहे. आधी बाकी, मग दर. प्रत्येक विषयाला त्याने वीस मिनिटे वाटली होती, तीही आम्ही मोडली. सुताच्या वाटपाला दहा पुरली आणि बाकीला पस्तीस लागली. शिवाय आमच्या मसुद्यात पैसे देण्याची मुदत त्याने ६० दिवस धरली होती, बाजारात असे सर्रास लिहिले जाते म्हणून असेल. सीए साहेबांनी ती कापली. मागधारकाची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत नेता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. कायदा, कर, मुदत यांचे उत्तर यंत्राकडून घ्यावे, पण सही करण्यापूर्वी ते जाणकाराला दाखवावे.

तारखांचा सर्वांत मोठा पेच मार्च महिन्यात होता. यंत्राने शेवटचा हिशोब ३१ मार्चला ठेवला, वर्ष संपते म्हणून. ईद त्याने ३० मार्चला लिहिली. सौदी अरबस्तानात ती ३० लाच झाली, आपल्याकडे चंद्र ३० च्या संध्याकाळी दिसला आणि ईद ३१ ला झाली. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते, आणि नेमका दिवस चंद्र दिसल्यावरच ठरतो. यंत्राकडे असते ती गणिताने काढलेली तारीख. तिच्या दोन्ही बाजूंनी एक एक दिवस मोकळा सोडावा हे बरे. आम्ही कॅलेंडर समोर ठेवून यंत्राला एक एक दिवस सांगत गेलो: १४ मार्चला धुळवड, पालीचे लोक होळीच्या आसपास भेटणार नाहीत. २८ ला रमजानचा अखेरचा जुमा. ३० ला रविवार आणि गुढीपाडवाही. ३१ ला ईद होण्याचा संभव. १ एप्रिलला बँका आपल्या वार्षिक हिशोबात. म्हणजे चेक वटविण्यासाठी ज्या तारखेवर सर्वांची भिस्त होती ती ३१ तारीख मुळी उपयोगाचीच नव्हती! कामगारांच्या हातात ईदचे पैसे पडायचे तर मजुरीच्या गुरुवारी, २७ मार्चला, आणि त्यासाठी मागधारकाला आमचे पैसे २५ पर्यंत मिळायला हवेत. हे एकदा सांगितल्यावर यंत्राने मागे मोजत जाऊन ताके उचलण्याच्या, तपासणीच्या आणि बिलाच्या तारखा एका मिनिटात लावून दिल्या. मुनीमजींनाही याला एक दुपार लागली असती. पण मुनीमजींना पाडवा आणि ईद सांगावी लागली नसती, हेही खरे.

रमजानमधील भेटींविषयी थोडे. इशानंतर तरावीह असते, म्हणून नेहमीच्या रात्रीच्या बैठका या महिन्यात बसत नाहीत. आम्ही यंत्राला सांगितले की या महिन्यात भेटी फक्त सकाळी दहा ते जुहर, आणि अर्ध्या तासापेक्षा मोठी एकही नको. जे विषय तेवढ्यात मावत नव्हते ते त्याने फेब्रुवारीत ढकलले.

परदेशी गिऱ्हाईक असेल तर वेळेच्या फरकाचे गणित यंत्राला चांगले येते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, वर्षभर तेवढीच. इंग्लंड उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे, हे आपण विसरतो, ते विसरत नाही. मात्र एकदा दुबईच्या गिऱ्हाईकासाठी वेळ विचारली तेव्हा त्याने शुक्रवार-शनिवार सुट्टी धरली. पूर्वी तसे होते. संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असे केले आहे. यंत्राच्या पोटात जुना व नवा मजकूर शेजारी शेजारी पडलेला असतो. सुट्ट्यांची खात्री गिऱ्हाईकालाच विचारून करावी, त्यात कमीपणा नाही.

भाषेचा फायदा मात्र आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला मराठीत अर्ज लिहायचा म्हणजे आजही शेजारच्या मास्तरांकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यावे लागते. (या लेखाचेही तसेच केले आहे.) आता एकच बैठक ठरली की मागधारकांना उर्दूत, पालीला हिंदीत आणि वीज कार्यालयातील अभियंत्यांना मराठीत निरोप तयार होतो. पूर्वी कार्यालयाला पत्र पाठविण्याचे आम्ही टाळत असू आणि समक्ष जाऊन बाकावर बसत असू. गेल्या पत्राचे उत्तर आठवड्यात आले आणि भेटीची वेळही ठरवून मिळाली.

एक सावधगिरी मनापासून सांगतो. यंत्रापुढे बोललेले कंपनीच्या संगणकावर जाते, आणि अनेक सहायकांत ते पुढील सुधारणेसाठी वापरले जाऊ शकते. ते बंद करण्याची सोय बहुधा सेटिंगमध्ये असते, ती शोधून काढावी. आखणीसाठी यंत्राला गिऱ्हाईकाचे नाव, त्याचा भाव, त्याची थकबाकी, आधार वा बँकेचा क्रमांक यांपैकी काहीही लागत नाही. आम्ही "मागधारक एक", "मागधारक दोन", "पालीची पार्टी" असेच लिहितो. दुसऱ्याचा भाव ही आपल्याकडची अमानत आहे. तसेच बैठकीतील बोलणे ध्वनिमुद्रित करून त्याचा सारांश लिहून देणारे सहायकही आहेत. आम्ही ते एकदाच वापरले, तेही सर्वांची परवानगी विचारून. परवानगी मिळाली, पण त्या दिवशी कोणी मोकळेपणाने दर बोलला नाही. शिवाय पाच जण एकदम उर्दू, मराठी आणि बाजाराची सांकेतिक भाषा बोलू लागले की सारांशात कोणाचे म्हणणे कोणाच्या नावावर जाईल सांगता येत नाही. आता बैठक संपल्यावर आम्ही स्वतः पाच-सहा ओळी बोलतो, यंत्र त्या नीट लिहून देते, आणि त्या वाचून सर्वांना पाठवितो. वादाच्या वेळी त्या ओळी उपयोगी पडल्या आहेत.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पैसे भरण्याची घाई करू नये, फुकट मिळणारा सहायक आखणीला पुरतो. पहिल्या महिन्यात डायरीला जोडू नये, नुसते विचारावे आणि स्वतःच्या हाताने टिपावे. चूक कोठे होते ते कळले की मग जोडावे. निरोप धाडण्याची परवानगी आम्ही आजही दिलेली नाही. यंत्र लिहिते, आम्ही वार-तारीख-वेळ बोट ठेवून वाचतो आणि पाठवितो.

ज्यांनी आपले माग दुसरीकडे लावले होते ते बुजुर्ग २०२५ च्या बकरी ईदनंतर परत आले. त्यांची एक अट आहे, त्यांना व्हॉट्सॲप नको, आम्ही स्वतः फोन करायचा. यंत्राच्या यादीत त्यांच्या क्रमांकासमोर आता तेवढेच लिहिले आहे: आवाजाने सांगणे. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी मोबाईल तशी आठवण देतो आणि आम्ही फोन लावतो.